रेडिओला हुंकारो

शाळेत रेडिओ आला आणि दुसऱ्याच आठवड्यात मन्सूरला तो उचलून विहिरीत टाकावासा वाटू लागला.

टाकता येत नव्हता. त्यानंच तो मागून आणला होता.

मागून म्हणजे भांडून. पुसदच्या पंचायत समितीत एकच संच आला होता आणि तो फुलसावंगीच्या मोठ्या शाळेत जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. तिथल्या हेडमास्तरांनी भिंतीत फळीसुद्धा ठोकून घेतली होती. मन्सूर फुलसावंगीपलीकडच्या बंजारा तांड्यावरच्या शाळेचा एकुलता एक मास्तर. चारही इयत्ता एका खोलीत, खोलीवर गवताचं छप्पर. तो विस्तार अधिकाऱ्यांच्या टेबलापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, फुलसावंगीत दुकानादुकानात रेडिओ वाजते. आमच्या तांड्यावरच्या पोरांनी तो डोळ्यानं पाह्यला नाही. आधी कोणाले द्यायचा, तुमीच सांगा."

साहेब माणूस बरा होता. हसला. म्हणाला, "न्या. पण संक्रांत झाली की मी येईन, शालेय कार्यक्रम चालू असताना पोरांमध्ये बसेन. नीट ऐकत असतील तर रेडिओ तुमचा. नसतील तर फुलसावंगीची फळी रिकामीच आहे."

असा तो आला. कडब्यावर ठेवून, बैलगाडीतून, सांभाळून. लाकडी पेटी, मागे विटेएवढी जड कोरडी बॅटरी, निंबाच्या शेंड्यापासून छपरापर्यंत ताणलेली एरियलची तार, आणि जमिनीत गाडलेली दुसरी तार, जिच्या बुडाशी रोज पाणी ओतायचं. पाणी ओतायला पोरांची भांडणं. रेडिओला तहान लागते म्हणून सगळ्या तांड्याला कौतुक.

मग रेडिओ बोलू लागला.

•

"बालमित्रांनो, आज आपण ओळख करून घेणार आहोत—"

हां.

"—आपल्या राज्यातल्या नद्यांची. गोदावरी ही—"

हां.

"—नाशिकजवळ—"

हां.

"—उगम पावून—"

हां.

"—आणि तिला मिळणाऱ्या उपनद्या म्हणजे—"

हां.

सगळा वर्ग, एका सुरात, पोटातून. उपनद्या कोणत्या ते कुणालाच कळलं नाही. मन्सूरलाही नाही.

•

हे 'हां' कुठून आलं?

तांड्यावर कुणी काही सांगायला बसलं, मग ती गोष्ट असो, लग्नाची बोलणी असोत की बैल हरवल्याची हकिकत, ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्यामागे 'हां' म्हणायचं. त्याला हुंकारो म्हणतात. सांगणारा वाक्य संपवतो, थांबतो, हुंकारो घेतो, मग पुढं जातो. हुंकारो मिळाला नाही तर तो सांगणं सोडून तंबाखू मळायला घेतो. न बोलता ऐकणं म्हणजे तिथं उठून जाण्यासारखंच.

मन्सूर आर्णीचा. घरात दखनी, बाहेर वऱ्हाडी, ट्रेनिंग कॉलेजात पुस्तकी मराठी. तांड्यावर बदली झाली तेव्हा त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो फळ्यापुढे उभा राहून शिकवायचा आणि पोरं भिंतीसारखी बघायची. भाषा घरची नाही म्हणून असेल, असं तो धरून चालला. मग एकदा होळीच्या आधी तांड्याचा नायक हरिसिंग गोष्ट सांगत होता, तिथं तो जाऊन बसला. वर्गात तोंड न उघडणारी तीच पोरं दर वाक्याला हां, हां करत पुढे सरकत होती.

दुसऱ्या दिवशी मन्सूर खुर्ची सोडून खाली बसला.

"एक होता पाच," तो म्हणाला आणि थांबला.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मोती नावाची एक पोरगी होती, मानीबाईची, आवाज असा की नाल्यापलीकडच्या शेळ्या माघारी याव्यात. ती म्हणाली, "हां."

"त्याच्या घरी अजून पाच आले."

"हां." आता दोघंतिघं.

"किती झाले?"

"दहा." सगळा वर्ग.

तेव्हापासून शाळा चालली. पाढे, भूगोल, हवापाणी, रोग, शिवार, सगळं हुंकाऱ्यावर. ट्रेनिंग कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि मन्सूरला त्याचा मनातून अभिमान होता. म्हणूनच त्याला वाटलं होतं की रेडिओ आला की काय बहार होईल. आपली पोरं ऐकणारी आहेत. असा ऐकणारा वर्ग तर साऱ्या जिल्ह्यात नसेल.

•

"मास्तर," हरिसिंग नायक म्हणाला. तो दारात उकिडवा बसून कार्यक्रम ऐकत होता. "हा मानूस हुंकारो घेत नाही."

"नायक, तो नागपुरात बसला आहे. त्याले इथलं ऐकू जात नाही."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

"मंग सांगून कायले राह्यला?"

"ऐकणाऱ्यायसाठी."

"ऐकून राह्यले का नाही, हे त्याले कसं समजते?"

"समजत नाही."

नायकानं पेटीकडे बघितलं. "आंधळ्या मानसानं कोनी आहे का नाही ते न इचारता बोलत बसावं, तसं झालं," तो म्हणाला. "दया येते बाप्पा." आणि दया येऊन की काय, त्यानं स्वतःच एक मोठा हुंकारो दिला. वर्ग त्याच्यामागून ओरडला. कार्यक्रमातला माणूस काहीतरी महत्त्वाचं सांगत होता.

•

मन्सूरनं केलेले उपाय.

आवाजाचं बटण. पेटीला चिकटून बसायचं, एक वाक्य ऐकायचं, बटण पिळून आवाज मारायचा, तेच वाक्य आपण सांगायचं, हुंकारो घ्यायचा, बटण सोडायचं. एवढ्यात कार्यक्रमातली बाई तीन वाक्यं पुढे गेलेली. असा गेला पाठ:

"ढग तयार होतात ते—"

ढग कसे तयार होतात, पोरांनो.

हां.

"—आणि म्हणूनच त्याला तसं म्हणतात. आता—"

आता.

हां.

"—यापैकी दुसरं कारण अधिक—"

दुसरं कारण.

हां.

गुरुजी, पहिलं कोनतं?

मन्सूरला पहिलं ठाऊक नव्हतं.

एकच हुंकारो. मोतीनं द्यायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं. मोतीनं दिला. बाई थांबली नाही. मोतीनं पुन्हा दिला, जरा मोठ्यानं. बाई तशीच. मोतीचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "गुरुजी, ही मले मोजतच नाही." आणि पुढचा सगळा वेळ ती पेटीकडे पाठ करून बसली.

आधी रेडिओ, मागून हुंकारो. कार्यक्रम संपल्यावर मन्सूरनं सगळं पुन्हा सांगायचं. पण मग रेडिओ चालू असताना पोरं काय करणार? पोरं खडे खेळली. आणि साहेब येणार होता तो रेडिओ चालू असताना.

•

रविवारी तो आर्णीला गेला. त्याचा बाप अब्दुल गनी शिवणयंत्रं, गॅसबत्त्या आणि अलीकडे रेडिओसुद्धा दुरुस्त करायचा. मन्सूरनं विचारलं, की रेडिओ मधेच थांबवायची काही सोय करता येईल का. म्हणजे आपण थांबवला की बाई थांबेल, आणि सोडला की तिथूनच पुढे बोलेल.

अब्दुल गनींनी चष्म्यावरून बघितलं.

"बेटा, रेडिओ बंद होता है. रुकता नहीं."

"कुछ जुगाड?"

"नागपूर जा के उस बाई को बोल, हमारे तांडे के वास्ते जरा ठहर ठहर के बोलो." ते गॅसबत्तीच्या पंपाला तेल घालू लागले. "या फिर तेरे बच्चों को बोल, चूप बैठो. दुनिया में सब चूप ही सुनते हैं. हम मस्जिद में चूप सुनते हैं. कोर्ट में चूप. सिनेमा में तो टिकट काढून चूप बैठते लोग."

"पर फिर वो सुनते नहीं, अब्बा."

"तू कैसे जानता?"

मन्सूरला एवढंच माहीत होतं की हुंकारो थांबला की पोरांचे डोळे बदलतात. हे बापाला कसं सांगणार, आणि साहेबाला तर त्याहून कसं. साहेब डोळे बघायला येणार नव्हता.

•

सोमवारी त्यानं सांगितलं.

"आजपासून रेडिओ लागला की कोणी हां म्हणायचं नाही."

वर्गानं म्हटलं, "हां."

"आत्ता नाही. रेडिओ लागल्यावर."

"हां."

"ओठावर बोट ठेवायचं. असं."

पोरांनी ठेवलं. गंमत म्हणून ठेवलं. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात कुणाचा तरी हुंकारो निसटला आणि वर्ग फुटला. मन्सूर ओरडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडला. चौथ्या दिवशी मोतीनं बोटाआडून हळूच हां केलं, तेव्हा त्यानं छडी उचलली. मारली नाही. टेबलावर आपटली. पण तांड्यावर आल्यापासून त्या छडीचा आवाज पोरांनी ऐकला नव्हता. ती शाळेत आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर जमलं.

कार्यक्रम लागायचा. बाई बोलायची, गाणं व्हायचं, एखादा म्हातारा प्रोफेसर खोकत खोकत विहिरीच्या पाण्याविषयी सांगायचा. पोरं ओठावर बोट ठेवून बसायची. मन्सूर त्यांच्याकडे न बघता पेटीवरल्या काट्याकडे बघत राहायचा.

•

मानीबाई शाळेच्या कुडाशी येऊन उभी राहिली. डोक्यावर लाकडाची मोळी, ती तिनं उतरवली नाही.

"गुरुजी, तुमी मोतीले काय केलं?"

"काय झालं, बाई?"

"काल मी इले माहेरची गोष्ट सांगून राह्यलती. पोरगी गप. म्या म्हन्लं, व बाई, हुंकारो दे. तर हिनं तोंडावर बोट ठेवलं." मोळीखाली तिची मान हलत नव्हती, फक्त डोळे. "मी तिची याडी आहो, गुरुजी, माय. मी काही रेडिओ नाही."

"ते फक्त शाळेत, बाई. फक्त रेडिओ लागल्यावर. मी सांगतो तिले."

"सांगा," मानीबाई म्हणाली. "आनि जरा हळू सांगा. पोरगी टेबलाच्या आवाजानं रातच्याला दचकते."

मन्सूरनं मोतीला हाक मारली. समजावलं. घरी हुंकारो द्यायचा, शाळेत गुरुजी बोलले तरी द्यायचा, फक्त पेटीला नाही. मोतीनं ऐकून घेतलं. त्यानं एवढं सगळं सांगितलं, आणि त्यात ती एकदाही हां म्हणाली नाही, हे त्याच्या ध्यानात आलं ते ती निघून गेल्यावर.

संक्रांत झाली होती. साहेब कधीही आला असता. एकदा येऊन जाऊ दे, मन्सूरनं मनाशी म्हटलं. रेडिओ राहू दे. मग सगळं पूर्ववत करू.

•

साहेब आला, जीपमधून, धुरळ्यासकट.

मागच्या बाजूला त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. तारेच्या बुडाशी पाणी घातलं होतं. कार्यक्रम होता कोकणातल्या मिठागरांवर. मन्सूरनं बटण फिरवलं, काटा जागेवर आणला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

पोरांनी बोटं ओठांवर नेली.

बाईनं समुद्राचं पाणी सपाट जागेत कसं घेतात ते सांगितलं. पोरं गप्प. बांध कसे घालतात. गप्प. ऊन कसं लागतं, पाण्याची वाफ कशी होते, खाली पांढरं काय उरतं. गप्प, गप्प, गप्प. निंबावरचा कावळासुद्धा ऐकू येत होता. मन्सूरला शाळेत यापूर्वी कधी कावळा ऐकू आला नव्हता.

साहेब खुर्चीत पुढे वाकला होता. तो स्वतः मात्र खरंच ऐकत होता. मीठ कसं होतं हे बहुधा त्यालाही नव्यानं कळत होतं. संपल्यावर तो उठला.

आता विचारेल, मन्सूरला वाटलं. एक प्रश्न. मीठ कुठून येतं रे. आणि मग सगळं उघडं पडेल, आणि पडलं तर... मन्सूरला क्षणभर वाटलं, पडू दे. नेऊ देत फुलसावंगीला. जाऊन बस म्हणावं तिथल्या रिकाम्या फळीवर. आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, नको. विचारू नको, साहेब. मी हा गाडीतून कडब्यावर ठेवून सांभाळत आणला आहे.

"समजलं का?" साहेबानं वर्गाला विचारलं.

वर्ग ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे बघत राहिला.

"वा," साहेब म्हणाला. "काय शिस्त आहे. गुरुजी, फुलसावंगीच्या शाळेत गेलो की बाजारात शिरल्यासारखं वाटतं. आणि तुमची ही तांड्यावरची पोरं... मला तर वाटलं होतं, तुमचं काही खरं नाही." त्यानं मन्सूरच्या खांद्यावर हात ठेवला. "रेडिओ तुमचा. मी हेडमास्तरांना सांगतो. रोज लावत जा मात्र, पडून राहू देऊ नका."

मन्सूरनं हात जोडले. दुसरं काय करणार. जीप गेली, धुरळा बसला, आणि पोरांची बोटं अजून ओठांवरच होती. "काढा आता," तो म्हणाला. त्यांनी काढली.

•

दुसऱ्या दिवशी मन्सूर खुर्ची सोडून खाली बसला. रेडिओला अजून अवकाश होता.

"काल बाईनं मिठाचं सांगितलं," तो म्हणाला आणि थांबला.

काही नाही.

"समुद्राचं पाणी खारट असते."

काही नाही. पोरं बघत होती. वाईट बघत नव्हती, रागानं नाही. बरोबर बसली होती. साहेबाला आवडली होती तशी.

"हुंकारो द्या रे," मन्सूर म्हणाला.

मागच्या ओळीतल्या कुणीतरी 'हां' म्हटलं. हजेरीला म्हणतात तसं. मन्सूर पुढचं वाक्य बोलला आणि पुन्हा थांबला, आणि त्याला ऐकू आलं ते फक्त स्वतःचं थांबणं. तो पुढचं बोलला. मग पुढचं. न थांबता बोलू लागला. पाणी, बांध, ऊन, वाफ. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण त्या बाईसारखे बोलतो आहोत, तोच वेग, तीच चाल, आणि तो गप्पच झाला.

चिडून तो म्हणाला, "मोती, तू सांग."

मोती उभी राहिली.

"काल काय ऐकलं ते सांग. मीठ कसं होते?"

मोती मिटल्या तोंडानं उभी. मन्सूर वाट बघत राहिला. मग त्याला कळलं की तीही वाट बघते आहे.

"एक होतं मीठ," तो म्हणाला. "म्हण."

"एक होतं मीठ," मोती म्हणाली. आणि थांबली.

"हां," मन्सूर म्हणाला.

पोरांच्या माना वळल्या. गुरुजी कधी हुंकारो देत नसतात. मोतीनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं, थट्टा चालली आहे की काय ते.

"मीठ दूर होतं."

"हां."

"आपले बुढे लोक बैलं घेऊन ते आनाले गेलते. लदेनीवर."

हे रेडिओवर नव्हतं. हे हरिसिंग नायकाचं होतं. बंजाऱ्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख हिंडायचे, त्या दिवसांचं. मन्सूरच्या जिभेवर आलं की अगं, मी बाईनं काय सांगितलं ते विचारतो आहे. त्यानं ते गिळलं.

"हां."

"गोन्या खाली होत्या."

"हां."

"मंग बैलायले ऊन लागलं."

"हां." आता मोतीच्या शेजारचीही कुजबुजली.

"ऊन लई लागलं. बैलायले घाम आला. घाम गोनीत गेला."

मन्सूरनं मुठीतला खडू आवळला. तो मुठीतच मोडला. इथं थांबवायला हवं होतं. मास्तर म्हणून त्याचं कामच ते. पण आत्ता मधे तोंड घातलं तर हे तोंड मिटेल, आणि ते पुन्हा उघडायला आणखी एक होळी लागेल.

"हां," तो दात आवळून म्हणाला.

"मंग ऊनानं पानी उडून गेलं. पांढरं पांढरं खाली राह्यलं. तेच मीठ."

तो अर्धवट उठला आणि परत बसला. पाणी उडून गेलं, पांढरं खाली राहिलं. हे तर बरोबर होतं. हे बाईनं सांगितलं होतं. म्हणजे पोरीनं बोटाआडून ऐकलं होतं, आणि नेऊन घातलं होतं बैलाच्या घामात. तिच्या पाठीवर शाबासकी द्यावी की तिला गदागदा हलवावं, हे त्याला कळेना. घामातही मीठ असतं, हे तरी चूक कसं म्हणायचं? पण म्हणून काय बैलाला...

बाहेरून हरिसिंग नायकाचा आवाज आला. "मास्तर, सूर्य निंबावर आला. तुमच्या बाईची येळ झाली."

सगळ्यांनी पेटीकडे बघितलं. मोतीनंही. तिची गोष्ट अर्धी राहिली आणि हात आपोआप वर येऊ लागला, बोट ओठाकडे. रोज लावत जा, साहेब म्हणाला होता.

मन्सूर बटणापासून हातभर अंतरावर होता. तो जागचा हलला नाही.

"मंग?" त्यानं विचारलं.

मोतीचा हात मधेच थांबला.

"मंग," ती म्हणाली, "बैलं चालत चालत समुद्रावर गेले."

"हां." आता वर्गातले बरेच.

"लई घामाघूम झालते. समुद्राचं पानी तवा गोड होतं."

मन्सूरनं डोळे मिटले.

"बैलायनं त्याच्यात आंघोळ केली," मोती आता पूर्ण आवाजात म्हणाली, नाल्यापलीकडे जाईल अशा, "तवापासून समुद्र खारट झाला."

सगळा वर्ग त्याच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"हां," मन्सूर म्हणाला.